उघड्यावर घडलेले कुलूप

‘चळाशा चटलीसु, चदीवरन चऊजा.’

शाळेच्या व्हरांड्यात असे काहीतरी कानावर पडले नाही असा शिक्षक विरळाच. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवायचे आणि पुढे ‘च’ लावायचा, एवढीच या ‘च’च्या भाषेची युक्ती. ‘शाळा सुटली, नदीवर जाऊ’ हा बेत तिच्यामुळे धाकट्या भावापासून लपतो. पण किती दिवस? भावाला एकदा युक्ती कळली की त्या दिवशीचाच नव्हे, पुढचे सगळे बेत त्याला कळतात. मग ‘च’च्या जागी ‘फ’ येतो, आणि तोही चार दिवसांत फुटतो.

दोष मुलांच्या हुशारीत नाही. साऱ्या गुपिताचा भार युक्तीवर टाकला, हा तो दोष आहे. ही गोष्ट १८८३ साली स्पष्टपणे मांडणारे गृहस्थ पेशाने भाषाशिक्षक होते, हे वाचून आपल्याला बरे वाटेल. ऑगस्ट केर्कहॉफ्स मूळचे हॉलंडचे. फ्रान्समध्ये ते भाषा शिकवीत. लष्करी गुप्तलेखनावर त्यांनी एका फ्रेंच नियतकालिकात दोन लेख लिहिले. चांगल्या पद्धतीची लक्षणे सांगताना ते म्हणतात की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये; गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. बाजारातल्या कुलपाचे उदाहरण घ्या. एकाच घडणीची हजारो कुलपे विकली जातात. चोरही त्यातले एक विकत घेऊन खोलून पाहू शकतो. तरी आपल्या दाराचे कुलूप त्याला उघडत नाही, कारण आपल्या किल्लीचे दाते त्याला ठाऊक नाहीत.

केर्कहॉफ्स यांचा हा नियम सांगायला सोपा आहे. पचनी पडायला मात्र अवघड. घरच्या संगणकावर गुप्तलेखनाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आणि ते एकमेकांना वाटणाऱ्या हौशी मंडळींना तो चुका करत, एकमेकांच्या चुका दाखवत शिकावा लागला. त्यांच्यातल्या सर्वांत गाजलेल्या प्रयत्नाची ही हकीकत.

गृहपाठातला प्रश्न

फिलिप झिमरमन हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील बोल्डर गावचे संगणक अभियंते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, कॉलेजात असताना, त्यांनी गुप्तलेखनाची एक पद्धत शोधली. मजकुरातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक द्यायचा आणि त्यात एकेक संख्या मिळवायची. या संख्या संगणक एका सूत्राने काढणार, पण पाहणाऱ्याला त्यात कसलाच क्रम दिसणार नाही. कोणते अक्षर किती वेळा आले हे मोजून गुप्तलिपी फोडण्याची जुनी रीत इथे चालणार नव्हती. ही पद्धत कोणालाच फोडता येणार नाही, असे त्यांना मनापासून वाटत होते.

पुढे काही वर्षांनी गुप्तलेखनाची प्राथमिक पाठ्यपुस्तके चाळताना त्यांना आपली पद्धत छापलेली दिसली. ती होती गृहपाठात. विद्यार्थ्यांनी प्राथमिक तंत्रे वापरून सहज फोडायची, एवढीच तिची योग्यता! कारणही साधे आहे. मजकुरातले दोन-चार शब्द अंदाजाने ओळखता आले, की वजाबाकी करून तेवढ्या जागच्या संख्या हाती येतात. सूत्र साधे असेल, तर त्यांवरून पुढच्या साऱ्या संख्या काढता येतात. ही फजिती झिमरमन यांनी लपवली नाही. आपल्या प्रोग्रॅमसोबत दिलेल्या माहितीपुस्तिकेत त्यांनी ती स्वतःच सांगितली आहे. स्वतः केलेले कुलूप स्वतःला उघडता येत नाही म्हणून ते पक्के, असे समजणे किती सोपे असते, हे त्यांना वाचकाला दाखवायचे होते.

किल्ली पोचवायची कशी?

पद्धत कितीही चांगली असली तरी एक जुनी अडचण उरतेच. आपण नाशिकहून नागपूरला गुप्त पत्र धाडले, तर ते उघडण्याची किल्ली तिकडे कशी पोचवायची? पत्रासोबत पाठवली तर कुलूप लावण्यात अर्थ नाही. शिवाय दर दोघांसाठी वेगळी किल्ली लागते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला प्रत्येकाशी गुप्तपणे बोलायचे असेल, तर ७८० किल्ल्या कराव्या लागतील.

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक नवा विचार मांडला. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असाव्यात. एक कुलूप लावण्याची. ती चारचौघांत वाटून टाकायची. दुसरी उघडण्याची, ती स्वतःपाशी ठेवायची. मग चाळीस मुलांना किल्ल्यांच्या चाळीसच जोड्या पुरतात आणि गुप्त किल्ली कोणाला पाठवावी लागत नाही. पुढच्याच वर्षी रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेन ॲडलमन या तिघांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणणारे गणित शोधले. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात.

ऑगस्ट १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात हे गणित सामान्य वाचकांपुढे ठेवले. स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावलेला लिफाफा धाडणाऱ्याला मूळ टिपण मिळेल, असे त्यात कळवले होते. हजारो लिफाफे आले. हे गणित हौशी लोकांपर्यंत गेले ते असे, एका विज्ञान मासिकाच्या पानातून.

इथे एक विरोधाभास नोंदवायला हवा. जवळपास हेच गणित १९७३ साली ब्रिटनच्या सरकारी गुप्तलेखन खात्यात क्लिफर्ड कॉक्स या तरुण गणितज्ञाने शोधले होते. पण ते खात्याच्या दप्तरात बंद राहिले आणि १९९७ मध्ये जाहीर झाले. जगाने वापरले आणि तपासले ते उघड्यावर छापलेले गणित.

तेहतिसाचे कुलूप

हे गणित आठवी-नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवता येते. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. आता दोघींतून एकेक वजा करून गुणाकार करा: २ × १० = २०. अशा दोन संख्या शोधा की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतात, कारण ३ × ७ = २१. मग ‘३३ आणि ३’ ही झाली जाहीर किल्ली. ‘३३ आणि ७’ ही झाली खासगी किल्ली.

समजा कोणाला आपल्याकडे ४ हा आकडा गुप्तपणे पाठवायचा आहे. तो ४ चा घन करील: ६४. त्याला ३३ ने भागून बाकी काढील: ३१. एवढेच तो पाठवील. आपण ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागायचे. घाबरायचे कारण नाही. पायरीपायरीने बाकी काढत गेले की काम हलके होते. ३१ × ३१ = ९६१, बाकी ४. म्हणजे दुसऱ्या घाताची बाकी ४, चौथ्याची १६, सहाव्याची १६ × ४ = ६४ म्हणजे ३१. सातव्यासाठी पुन्हा ३१ ने गुणायचे: ९६१, बाकी ४. पाठवलेला आकडा परत मिळाला!

खासगी किल्लीतला ७ शोधायला २० माहीत हवा. २० शोधायला ३३ चे अवयव माहीत हवेत. ३३ चे अवयव कोणीही सांगेल. पण दीडशे-दीडशे अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणे संगणकाला चुटकीसरशी जमते, आणि तो तीनशे अंकी गुणाकार पाहून अवयव शोधणे मात्र त्याला झेपत नाही. गुणाकार सोपा, उलट वाट अवघड. सारी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे अवयव न काढता ओळखता येते, हेही लक्षात घ्या. त्यासाठी नेहमी खात्रीने आणि वेगाने चालणारी रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. अवयव काढण्याची तशी वेगवान रीत साध्या संगणकासाठी अजून कोणी दिलेली नाही.

घरच्या संगणकावर

आता अडचण यंत्राची होती. १९८०च्या दशकातला घरगुती संगणक एका वेळी लहान संख्याच हाताळू शके. १६ बिटांच्या यंत्रासाठी ६५,५३५ ही सर्वांत मोठी. तीनशे अंकी संख्येचे तुकडे करून, आपण कागदावर हातचे घेत गुणाकार करतो तसे करावे लागे. ही कला झिमरमन शिकले ती चार्ली मेरिट यांच्याकडून. छोट्या संगणकावर आरएसए बसवण्याचा खटाटोप मेरिट आधीपासून करत होते. १९८६ साली ते बोल्डरला आले आणि त्यांनी झिमरमन यांना आपली रीत समजावून दिली.

तरीही आरएसएने लांबलचक मजकूर बंद करायचा तर फार वेळ लागे. म्हणून झिमरमन यांनी दुहेरी योजना वापरली. प्रत्येक पत्रासाठी संगणकाने एक नवी, एकदाच वापरायची किल्ली तयार करायची आणि वेगवान साध्या पद्धतीने पत्र बंद करायचे. मग आरएसए फक्त त्या छोट्या किल्लीला लावायचे. मोठी पेटी साध्या कुलपात आणि त्या कुलपाची किल्ली भक्कम डबीत, असा हा प्रकार. प्रोग्रॅमचे नाव त्यांनी ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’, म्हणजे ‘बऱ्यापैकी खासगीपणा’, असे ठेवले. रेडिओवरच्या एका विनोदी कार्यक्रमातल्या किराणा दुकानाच्या नावावरून ते सुचले होते. पुढे सगळे त्याला पीजीपी म्हणू लागले.

झिमरमन अण्वस्त्रविरोधी चळवळीत काम केलेले होते. सरकारशी मतभेद असणाऱ्या साध्या माणसालाही आपला पत्रव्यवहार खासगी ठेवता यावा, असे त्यांना वाटे. १९९१ च्या सुरुवातीला अमेरिकी सिनेटमध्ये एक विधेयक आले. कायद्याने परवानगी दिल्यास सरकारला कोणत्याही संभाषणाचा मूळ मजकूर मिळेल अशी सोय उपकरणांतच असावी, असा सूर त्यातल्या एका कलमात होता. ते कलम पुढे संमत झाले नाही. पण झिमरमन यांनी धास्ती घेतली. बाकीची कामे बाजूला ठेवून ते पीजीपी पूर्ण करायला बसले. त्या सहा महिन्यांत घराच्या कर्जाचे पाच हप्ते थकले. जून १९९१ मध्ये त्यांनी प्रोग्रॅम मित्रांच्या हवाली केला. टेलिफोनच्या तारेने जोडलेल्या संगणकी फलकांवरून आणि इंटरनेटवरून तो वाटला गेला; पैसे न घेता, आणि मुख्य म्हणजे मूळ लिखाणासह. कोणीही तो उघडून ओळ न् ओळ वाचू शकत होते.

पहिली ठेच

वाचणाऱ्यांनी वाचलेच. पत्र बंद करण्याची जी वेगवान साधी पद्धत पीजीपीत होती ती झिमरमन यांची घरची होती. एका दूरचित्रवाणी विनोदी कार्यक्रमात अख्खा मासा मिक्सरमध्ये घालण्याचे प्रहसन झाले होते. त्यावरून तिचे नाव ‘बास-ओ-मॅटिक’. मजकुराचा असाच लगदा होतो, असा त्यातला विनोद. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे गुप्तलेखनतज्ज्ञांची परिषद भरली. तिथे एली बिहाम या इस्राएली तज्ज्ञाने ती पद्धत पाहिली आणि तिच्यातली गंभीर छिद्रे दाखवून दिली. कॉलेजातली चूक झिमरमन यांनी पुन्हा केली होती. फरक इतकाच, की या वेळी ती कळायला वर्षे लागली नाहीत.

त्यांनी स्वतःची पद्धत काढून टाकली. तिच्या जागी झुरिचमध्ये लाय आणि मॅसी या दोघांनी तयार केलेली, छापून प्रसिद्ध झालेली आणि इतर तज्ज्ञांनी तपासलेली ‘आयडिया’ ही पद्धत घेतली. तिची किल्ली १२८ बिटांची, म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी. हे काम एकट्याचे नव्हते. अमेरिकेतले हॅल फिनी, हॉलंडचे ब्रँको लँकेस्टर, न्यूझीलंडचे पीटर गटमन आणि आणखी काहींनी आपल्या फावल्या वेळात भाग वाटून घेतले. सप्टेंबर १९९२ मध्ये पीजीपीची दुसरी आवृत्ती आली, तीही अमेरिकेबाहेरून. असे का, ते पुढे कळेल.

या आवृत्तीसोबत आणखी एका प्रश्नाचे उत्तर आले. समजा एखाद्या भामट्याने मुख्याध्यापकांच्या नावाने स्वतःचीच जाहीर किल्ली वाटली, तर? त्यांच्यासाठी लिहिलेली पत्रे तो उघडील. यावरचा उपाय आरएसएच्याच उलट्या वापरात आहे. खासगी किल्लीने बंद केलेले जाहीर किल्लीने उघडते. म्हणून ते कोणाकडून आले याची खात्री पटते. हीच अंकीय स्वाक्षरी. वरच्याच आकड्यांत पाहा: ४ चा सातवा घात १६,३८४, त्याची ३३ ने भागून बाकी १६. ज्याला पडताळायचे आहे तो १६ चा घन करील: ४,०९६, बाकी ४. जुळले. ओळखीच्या माणसांनी एकमेकांच्या जाहीर किल्ल्यांवर अशा स्वाक्षऱ्या कराव्यात, आणि अनोळखी किल्लीवर आपल्या विश्वासातल्या कोणाची स्वाक्षरी आहे का ते पाहावे, अशी ही योजना. गावात नव्या माणसाला ‘कोणाच्या ओळखीने आलात?’ असे विचारतात, तसेच हे. भारतात अंकीय स्वाक्षरीला कायद्याची मान्यता मिळाली ती माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे.

पुस्तक की शस्त्र?

अमेरिकी कायद्यात त्या काळी मजबूत गुप्तलेखनाची गणना युद्धसामग्रीत होत असे. तोफा-रणगाड्यांप्रमाणेच ते परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवणे गुन्हा होता. पीजीपी तर प्रसिद्ध होताच समुद्रापार पोचले होते. फेब्रुवारी १९९३ मध्ये सीमाशुल्क खात्याचे अधिकारी झिमरमन यांच्या भेटीला आले आणि चौकशी सुरू झाली. गुन्हा शाबीत झाला असता तर कित्येक वर्षांचा तुरुंगवास होता. दुसरी आवृत्ती बाहेरून का आली हे आता ध्यानात येईल: देशात आणणे गुन्हा नव्हता, बाहेर नेणे होता. याशिवाय अमेरिकेत आरएसएचे पेटंट होते आणि ज्या कंपनीकडे त्याचे हक्क होते ती पीजीपीवर नाराज होती. १९९४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने विनाव्यापारी वापरासाठी एक आवृत्ती वाटायला घेतली, तेव्हा अमेरिकेत तो वाद शमला.

कायद्याने घातलेली सीमा किती विचित्र होती हे त्याच वर्षी दिसले. गुप्तलेखनाच्या एका प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात काही प्रोग्रॅम छापलेले होते. फिल कार्न या अभियंत्याने सरकारला विचारले, हे पुस्तक परदेशी नेता येईल का? उत्तर आले, खुशाल न्या. मग त्याच पानांवरचे प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवून नेले तर? उत्तर आले, ती युद्धसामग्री आहे! कागदावर शाईने लिहिले तर ज्ञान, चकतीवर लिहिले तर शस्त्र.

हौशी मंडळींनी यावर विनोदानेही उत्तर दिले आणि युक्तीनेही. १९९५ मध्ये ॲडम बॅक या इंग्लंडमधल्या विद्यार्थ्याने आरएसएचा प्रोग्रॅम आटवत आटवत अवघ्या काही ओळींत बसवला. लोकांनी तो सदऱ्यांवर छापला आणि ‘हा सदरा युद्धसामग्री आहे’ असे मिरवत फिरू लागले. त्याच वर्षी झिमरमन यांनी पीजीपीचे संपूर्ण मूळ लिखाण जाडजूड पुस्तकाच्या रूपाने छापवले. पुढे १९९७ मध्ये नव्या आवृत्तीची अशीच पुस्तके युरोपात नेण्यात आली. नॉर्वेतल्या एका कार्यकर्त्याच्या पुढाकाराने सत्तरहून अधिक स्वयंसेवकांनी सहा हजारांहून जास्त पाने यंत्राने वाचून, चुका तपासून, पुन्हा संगणकात भरली.

जानेवारी १९९६ मध्ये झिमरमन यांच्यावरची चौकशी खटला न भरताच बंद झाली. डॅनियल बर्नस्टाइन या विद्यार्थ्याने केलेल्या दुसऱ्या एका दाव्यात १९९६ साली न्यायालय म्हणाले की प्रोग्रॅमचे लिखाण हेही भाषणच आहे, आणि भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळते. १९९९ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपैकी दोघांचेही हेच मत पडले. जानेवारी २००० मध्ये सरकारने निर्यातीचे नियम पुष्कळ सैल केले.

कुलूप फोडणारेही हौशीच

या हकीकतीत कुलूप करणाऱ्यांइतकाच मान ते फोडून पाहणाऱ्यांना आहे. १९७७ च्या त्या सदरात १२९ अंकी संख्येने बंद केलेला एक संदेश छापला होता आणि उलगडणाऱ्याला १०० डॉलरचे बक्षीस होते. त्या काळच्या अंदाजाने संख्येचे अवयव काढायला चारावर सोळा शून्ये इतकी वर्षे लागणार होती. प्रत्यक्षात १७ वर्षे लागली. सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी सोळाशे संगणकांवर रिकाम्या वेळात गणित वाटून घेतले आणि एप्रिल १९९४ मध्ये संख्या फुटली. संदेशात होते तरी काय? एका किळस वाटणाऱ्या हाडफोड्या गिधाडाविषयीचे निरर्थक शब्द! यंत्रे वेगवान झाली होती आणि अवयव काढण्याच्या रीतीही सुधारल्या होत्या. संख्या किती मोठी घ्यावी, हे त्या दिवशी सर्वांना नव्याने कळले.

१९९५ साली आणखी दोन धक्के बसले. अमेरिकेबाहेर विकायला परवानगी असलेले गुप्तलेखन ४० बिटांचे असे. शक्य किल्ल्या सुमारे १,०९,९५१ कोटी. ऐकायला संख्या मोठी. पण ऑगस्टमध्ये डेमियन डॉलिजे या फ्रेंच अभ्यासकाने अनेक संगणक कामाला लावून अशी एक किल्ली आठ दिवसांत शोधून काढली. सप्टेंबरमध्ये बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केपचा प्रोग्रॅम उलगडून पाहिला. किल्लीसाठी लागणाऱ्या, क्रम नसलेल्या म्हणून काढलेल्या संख्या प्रत्यक्षात घड्याळातली वेळ आणि अशाच अंदाज करता येणाऱ्या गोष्टींवरून काढल्या जात होत्या. झिमरमन यांच्या गृहपाठाचाच हा मोठा भाऊ म्हणायचा. त्या प्रोग्रॅमचे मूळ लिखाण बंद होते, म्हणून चूक टळली नाही. ती फक्त उशिरा दिसली.

उघडेपणाची मर्यादा

या हकीकतीला दुसरी बाजू आहे आणि विद्यार्थ्यांपासून ती लपवू नये. भक्कम कुलूप चांगल्या-वाईटात भेद करत नाही. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी साक्षीदारांची नावे पीजीपीने जपली. आणि गुन्हेगारांनी आपली दप्तरेही त्यानेच बंद केली. पोलिसांची तक्रार खोटी नव्हती. सरकारसाठी एक चोरवाट ठेवावी, ही मागणी आजही निरनिराळ्या देशांत होत असते. तज्ज्ञांचे त्यावर उत्तर असे, की चोरवाट असली तर ती फक्त पोलिसांनाच सापडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा हौशी कामाची. लिखाण उघडे आहे म्हणजे ते कोणी वाचतेच असे नाही. अर्ध्या जगाच्या संकेतस्थळांवर वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या खुल्या प्रोग्रॅममधली एक घातक चूक दोन वर्षे कोणाच्या नजरेस आली नाही. ती एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाली. पीजीपीच्या पद्धतीवर चालणारा ‘जीएनयू प्रायव्हसी गार्ड’ हा खुला प्रोग्रॅम जर्मनीच्या वेर्नर कॉख यांनी १९९९ मध्ये पूर्ण स्वरूपात दिला. पुढे कित्येक वर्षे तो जवळजवळ एकट्याच्या खांद्यावर होता. पैशांअभावी काम थांबायची वेळ आल्याचे २०१५ मध्ये वर्तमानपत्रांतून छापून आले, तेव्हा कुठे देणग्या आल्या. सर्वांचे म्हणून जे असते ते सांभाळायला बहुधा कोणीच नसते. गावच्या विहिरीचा गाळ काढायची वेळ आली की हे आपल्यालाही कळते.

पीजीपी स्वतः घरोघरी पोचले नाही. सामान्य माणसाला ते वापरायला किचकट वाटले. पण दोन किल्ल्या, छोटी एकदाच वापरायची किल्ली आणि उघडी, तपासलेली पद्धत या गोष्टी आता आपल्या खिशात आहेत. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये साऱ्या संदेशांना अशा प्रकारचे गुप्तलेखन लावले. आज शिक्षकांच्या गटात वेळापत्रक धाडताना आपण त्याचा विचारही करत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

गुप्तलिपी करायला सांगितली की एरवी गणिताला कंटाळणारी मुलेही पुढे सरसावतात. पण काम तिथेच थांबवू नये. प्रत्येक गटाने आपली पद्धत फळ्यावर पूर्ण लिहावी, फक्त किल्ली लपवावी. मग एक लांबसा संदेश बंद करून दुसऱ्या गटाच्या हाती द्यावा. ज्यांची पद्धत फुटेल त्यांना हसू न देणे आणि फोडणाऱ्याला ‘कशी फोडलीस ते सगळ्यांना सांग’ असे म्हणणे, ही शिक्षकाची जबाबदारी. दुसऱ्या फेरीत सुधारलेल्या पद्धती येतात. त्या पहिलीपेक्षा चांगल्या असतात आणि त्यांत दोन्ही गटांचा वाटा असतो.

बिहाम यांनी छिद्रे दाखवली तेव्हा झिमरमन यांना आपली पद्धत झाकून ठेवता आली असती. त्यांनी ती टाकून दिली आणि चूक दाखवणाऱ्याचे ऐकले. पीजीपी टिकले ते त्यामुळे. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलीने फळ्यावर जाऊन ‘माझी पद्धत इथे चुकते’ असे न लाजता सांगितले, तर त्या तासाला ती गुप्तलेखनातला सर्वांत कठीण धडा शिकली असे समजावे.